रवी कोल्ट्रेन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रागसंगीत ऐकणाऱ्या मित्रांना जॅझ ऐकवायला बसलो की सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनवरून गाडी हमखास त्याच्या मुलावर, रवीवर येते. तोही सॅक्सोफोनच वाजवतो. ‘रवी’ म्हटल्यावर कान टवकारले जातात आणि मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. त्यांचीच उत्तरं एकदा लिहून ठेवतो आहे. (पाश्चात्य कलाकारांना एकेरी लिहायची आपली जुनी खोड आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला ‘तो’ म्हणताना जरा अवघडतं, पण ‘कोल्ट्रेनसाहेब आले’ असं लिहिलं तर तुम्हीच हसाल.)

हे ‘रवी’ म्हणजे आपलंच रवी का?

हो. पंडित रविशंकरांवरून ठेवलेलं नाव. जॉन कोल्ट्रेनला साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून भारतीय संगीताची ओढ लागली होती. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात त्यानं ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. तानपुऱ्यासारखा एक स्वर धरून ठेवायचा आणि त्यावर सोप्रानो सॅक्सोफोन मोकळा सोडायचा, असा तिचा बाज आहे. पुढे त्याच्या आणि पंडितजींच्या भेटीही झाल्या. रागाबद्दल त्यानं त्यांना बरंच विचारलं. आणखी शिकायचं ठरलं होतं, तेवढ्यात तो गेला. त्या ओढीतून १९६५ साली मुलाचं नाव रवी ठेवलं गेलं. अमेरिकेत उच्चार ‘रावी’ असा करतात. आपण रवी म्हणायला हरकत नाही, मूळ माल आपलाच आहे.

आई-वडील दोघंही वाजवणारे होते म्हणजे नेमके कोण?

वडील जॉन कोल्ट्रेन. १९२६ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मला, टेनर आणि सोप्रानो सॅक्सोफोन वाजवायचा. जॅझ न ऐकणाऱ्यांनीही ज्याचं नाव ऐकलेलं असतं अशा चार-पाच माणसांतला एक.

आईचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. खरं तर या घरातली जास्त चकित करणारी व्यक्ती तीच आहे. ॲलिस मॅकलाउड, जन्म १९३७, गाव डेट्रॉइट. लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पुढे पॅरिसला जाऊन बड पॉवेल या पियानिस्टकडे शिकली. १९६३ साली न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात तिची आणि जॉनची गाठ पडली. १९६६ पासून ती जॉनच्याच संचात पियानोवर बसली, तेही मकॉय टायनरसारख्या नावाजलेल्या पियानिस्टच्या जागी. त्यावरून तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. ‘बायको म्हणून घेतली’ हा शेरा तिनं वर्षानुवर्षं ऐकला. आज तिचे रेकॉर्ड पुन्हा पुन्हा छापले जातात आणि विशी-पंचविशीतली पोरं ते ऐकतात.

म्हणजे वडिलांकडून रीतसर तालीम मिळाली असणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि आपल्या डोक्यात घराणं पक्कं बसलेलं असल्यामुळे तो येतोही साहजिक. मोगूबाईंसमोर बसलेल्या किशोरीताई किंवा कुमारजींच्या घरात वाढलेले मुकुल शिवपुत्र असं काहीतरी चित्र आपल्यासमोर येतं.

इथे तसं काहीच घडलं नाही. रवीचा जन्म ६ ऑगस्ट १९६५चा. जॉन कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ला यकृताच्या कर्करोगानं गेला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. रवी तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. बापाचा आवाज त्यानं पुढे ऐकला तो तुम्ही-आम्ही ऐकतो तसाच, रेकॉर्डवर. वारसा घरात कपाटभर पडलेला आणि तो हातात देणारा माणूसच नाही, अशी ही गोष्ट आहे. रवीच्या पुढच्या सगळ्या वाटचालीत ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं समजायला सोपं जातं.

मग आईकडून तरी शिकला असेल?

बसून धडे घ्यावेत तसं नाही, पण ज्या घरात वाढला त्या घरात कान आपोआप तयार व्हावेत. चार मुलं होती: ॲलिसच्या आधीच्या लग्नातली मिशेल, मग बापाच्याच नावाचा जॉन, रवी आणि ओरान. सुरुवातीचं घर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, डिक्स हिल्सला. ‘अ लव्ह सुप्रीम’ या आपल्या गाजलेल्या अल्बमची जुळवाजुळव थोरल्या जॉननं त्याच घराच्या माडीवर केली. ते घर पुढे पाडायलाच निघाले होते, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचलं. जॉननं मरणापूर्वी एक हार्प मागवली होती. ती घरी पोचली तो गेल्यावर. ॲलिस ती वाजवायला शिकली आणि हार्प हे जॅझमधलं तिचं दुसरं वाद्य झालं.

१९७२च्या सुमारास ती मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात गेली. तोवर स्वामी सच्चिदानंदांची शिष्या झाली होती, भारतात येऊन गेली होती. १९७१ साली आलेल्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या तिच्या अल्बममध्ये खरा तानपुरा आहे. सुरुवात ऐकताना आपल्याला वाटतं की आता कोणीतरी आलाप घेणार, आणि आत येतो सेसिल मॅकबीचा डबल बास, एकच तुकडा घोळवत. पुढे तिनं तुरीयसंगीतानंद हे नाव घेतलं, १९७५ साली वेदांतिक सेंटर काढलं आणि १९८३ साली अगौरा हिल्सला आश्रम उभा केला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिनं बाजारासाठी अल्बम काढणं थांबवलं.

थोडक्यात, रवी जाणता झाला तोवर आई मैफिली सोडून भजनाला बसलेली होती. घरात जॅझ होतं ते भिंतीवरच्या फोटोइतकंच.

सॅक्सोफोन हातात कधी घेतला?

शाळेत क्लॅरिनेट वाजवायचा. सतरा वर्षांचा असताना, १९८२ साली, थोरला भाऊ जॉन मोटार अपघातात गेला. त्यानंतर रवीनं काही वर्षं वाद्याला हात लावला नाही.

परत वळला तो १९८६ साली, एकविसाव्या वर्षी, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समध्ये नाव घालून. आपल्याकडे या वयात पोरं सवाई गंधर्वला बसायचं स्वप्न बघत असतात. हा तेव्हा सॅक्सोफोनची मूळाक्षरं गिरवत होता. तिथला जॅझ विभाग बासवादक चार्ली हेडननं सुरू केला होता. हा हेडन लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

न्यूयॉर्कला गेल्यावर नावामुळे दारं उघडली असतील ना?

उघडली. त्यात लपवण्यासारखं काही नाही. १९९१ साली एल्विन जोन्सनं त्याला आपल्या संचात घेतलं. एल्विन म्हणजे जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीचा ड्रमर, १९६० ते ६६ त्याच्यामागे वादळासारखा वाजलेला. मित्राचा मुलगा दारात आला तर कोण नाही म्हणणार?

पण विचार करून बघा. तुम्ही सव्वीस वर्षांचे, जेमतेम पाच वर्षं गंभीरपणे वाजवताय, हातात टेनर, मागे तेच ड्रम आणि समोरच्या खुर्च्यांवर तुमच्या बापाचे रेकॉर्ड तोंडपाठ असलेली माणसं. प्रत्येक फ्रेज मापली जाणार. आडनाव दार उघडून देतं आणि आत गेल्यावर तेच आडनाव मानगुटीवर बसतं. हे काही आयतं ताट नव्हे.

माझ्या मते त्याला घडवलं ते दुसऱ्या एका माणसानं. स्टीव्ह कोलमन, ऑल्टो सॅक्सोफोनवाला. त्याचं सगळं जग विषम मात्रांचं. एकाच वेळी दोन-तीन वेगळी आवर्तनं चाललेली आणि सगळे समेवर बरोबर भेटणार. आपल्या तबलजींना कौतुक वाटेल असा हिशेब. कोलमनच्या सहवासात रवीला एक अशी वाट सापडली जिच्यावर बापाच्या पाऊलखुणा नव्हत्या.

पहिला अल्बम इतक्या उशिरा का?

‘मूव्हिंग पिक्चर्स’ आला १९९८ साली, रवी बत्तीस वर्षांचा असताना, कोलमनच्याच निर्मितीखाली. त्याआधी तो तीसेक रेकॉर्डांवर दुसऱ्यांच्या साथीला वाजवून झाला होता. कोल्ट्रेन नावाचा टेनरवाला पोरगा हाताशी असताना रेकॉर्ड कंपन्यांना बाविसाव्या वर्षीच कव्हरवर त्याचा फोटो छापायला आवडलं असतं. तो थांबला. मला त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते.

एक गंमत सांगतो. बापही उशिराचाच होता. जॉन कोल्ट्रेनचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम १९५७चा, तेव्हा तो तिशीत पोचला होता. फरक पुढच्या वेगाचा. जॉननं जे काही केलं ते उरलेल्या दहा वर्षांत. रवीनं चाळिशी ओलांडली ती २००५ साली, म्हणजे बापाचा नकाशा जिथे संपतो त्याच्या पलीकडे तो गेली वीस वर्षं वाजवतो आहे.

बापासारखंच वाजवतो का?

नाही, आणि तसं समजून ऐकलंत तर निराशा होईल. जॉनचा टेनर म्हणजे भट्टी. रवीचा स्वर त्यामानानं कोरडा, आखूड, जपून खर्च केलेला. तो वाक्य अर्ध्यावर सोडतो, श्वास घेतो, पियानोला बोलू देतो. जोरात वाजवून टाळी घ्यायची हौस त्याला नाही. काही लोकांना तो थंड वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता. मग लक्षात आलं की मी त्याला ऐकतच नव्हतो, त्याच्यात दुसऱ्यालाच शोधत होतो.

टेनर आणि सोप्रानोबरोबर तो सोप्रानिनोही वाजवतो. ते सोप्रानोचं धाकटं भावंड, पट्टी आणखी उंच. चांगलं लागलं तर सनईच्या जवळ जातं, बिघडलं तर जत्रेतल्या पिपाणीच्या. त्याच्याकडे बहुतेक वेळा चांगलं लागतं.

वडिलांच्या रचना वाजवतो की टाळतो?

टाळत नाही, पण दुकानही थाटत नाही. २००३च्या आसपासच्या ‘मॅड ६’वर जॉनची ‘२६-२’ आहे, तीही खूप उलटीपालटी करून.

मला इथे २०१६च्या ‘इन मूव्हमेंट’बद्दल जरा सविस्तर सांगायचंय. तिघांचा अल्बम. ड्रमवर जॅक डीजॉनेट, तरुणपणी शिकागोत जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवलेला. इलेक्ट्रिक बासवर मॅथ्यू गॅरिसन, जॉनच्या चौकडीतला बासवादक जिमी गॅरिसन याचा मुलगा. आणि रवी. म्हणजे चौकडीतल्या दोघांची मुलं आणि मधे एक काका.

सुरुवातच ‘अलाबामा’नं. १९६३च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बाँबस्फोट केला आणि चार मुली मेल्या. त्यानंतर जॉननं ही रचना केली. मूळ रेकॉर्डवर खाली पियानोची थरथर आणि वर टेनर, कोणी शोकसभेत बोलावं तसा. मुलांच्या आवृत्तीत पियानो नाही. आधी झांजांची सळसळ, मग गॅरिसनच्या यंत्रांतून येणारा धुरकट स्वर आणि त्यात रवी मूळ सुरावट जवळजवळ जशीच्या तशी म्हणतो. हरकत नाही, मुरकी नाही. बाप जिथे थांबला तिथे थांबतो. हेडफोन लावून ऐका, टेनरच्या चाव्या दाबल्याचा बारीक टक्‌टक् आवाजही येतो.

आईला परत स्टुडिओत आणलं असं म्हणतात, ते काय?

ते खरंच आहे. ॲलिसचा शेवटचा मोठा अल्बम १९७८चा. त्यानंतर पंचवीसेक वर्षं आश्रमातल्या भजनांच्या कॅसेटी सोडल्या तर काही नाही. रवी मागे लागला होता. शेवटी २००४ साली ‘ट्रान्सलिनियर लाइट’ आला. निर्माता रवी. वाजवायला रवी आणि ओरान ही दोन्ही मुलं, शिवाय हेडन, डीजॉनेट, जेफ वॉट्स, जेम्स जीनस. त्यात जॉनच्या ‘लिओ’ आणि ‘क्रेसंट’ आहेत, चर्चमधलं जुनं गाणं आहे आणि ‘सीताराम’ आणि ‘जगदीश्वर’सुद्धा आहेत. चर्चचा ऑर्गन आणि भजन एका ताटात, आणि कुठेही ओढूनताणून वाटत नाही.

२००६च्या शरद ऋतूत अमेरिकेत तीन मैफिली झाल्या, मुलाला शेजारी घेऊन. १२ जानेवारी २००७ला ॲलिस गेली. दुसऱ्याच दिवशी, १३ तारखेला, सॅक्सोफोनवादक मायकेल ब्रेकर गेला. ब्रेकर, डेव्ह लीबमन आणि जो लोव्हानो या तीन टेनरवाल्यांचा ‘सॅक्सोफोन समिट’ नावाचा एक संच होता, तोही जॉन कोल्ट्रेनच्या उत्तरकाळातल्या संगीताभोवती उभा. ब्रेकरची रिकामी जागा रवीकडे आली. असा जानेवारी वैऱ्यालाही नको.

२००९च्या ‘ब्लेंडिंग टाइम्स’चा शेवट ‘फॉर तुरीया’नं होतो. ही रचना चार्ली हेडनची. १९७६ साली त्यानं ती खुद्द ॲलिसबरोबर वाजवली होती, एक हार्प आणि एक बास, बस्स. तेहतीस वर्षांनी त्याच बासवर तोच हेडन, ॲलिसच्या जागी हार्पवर ब्रँडी यंगर ही तरुण वादिका आणि सोबत ॲलिसचा मुलगा. ब्रँडीला रवीनं पहिल्यांदा बोलावलं होतं ते आईच्या शोकसभेत वाजवायला. पुढे ॲलिसची जुनी हार्प दुरुस्त करून घेतली गेली आणि २०२५चा आपला अल्बम ब्रँडीनं त्या हार्पवर केला.

ती भजनांची कॅसेट कुठली?

‘तुरीया सिंग्ज’, १९८२. आश्रमातल्या लोकांसाठी काढलेली. ॲलिस पहिल्यांदाच गायली ती यात, संस्कृतात. मूळ कॅसेटवर सिंथेसायझर आणि तंतुवाद्यांचा मोठा थर आहे. ‘ट्रान्सलिनियर लाइट’च्या कामात जुन्या टेप चाळताना रवीला त्याचंच एक उघडंवाघडं मिश्रण सापडलं, फक्त आईचा आवाज आणि ऑर्गन. तेच त्यानं २०२१ साली ‘कीर्तन: तुरीया सिंग्ज’ म्हणून बाहेर आणलं. नऊ भजनं आहेत. ‘गोविंद हरे’, ‘जय रामचंद्र’, ‘यमुनातीरविहारी’ वगैरे.

उच्चारांकडे कान देऊ नका, चाल ऐका. शब्द आपल्या भजनी मंडळाचे, सुरावटी मात्र डेट्रॉइटच्या चर्चमधल्या. आवाज खर्जातला, घाई नसलेला. माझ्या आईला मी ते न सांगता लावून दिलं. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, “बाई परकी आहे, पण तिला देव माहितेय.” मी काय बोलणार?

वडिलांच्या टेपांचंही रवी पाहतो. ६ मार्च १९६३ला रेकॉर्ड झालेला आणि हरवलेला ‘बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स’ २०१८ साली निघाला तेव्हा निवड आणि मांडणीत तो होता. एका माणसानं दोन दप्तरं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं वाजवायचं. वर २००२ पासून स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनीही, जिथून राल्फ अलेसी आणि लुइस पेर्डोमो या त्याच्या साथीदारांचे अल्बम आले.

बक्षिसं वगैरे?

ग्रॅमीची नामांकनं आहेत. ‘स्पिरिट फिक्शन’ (२०१२) मधल्या ‘क्रॉस रोड्स’च्या सोलोसाठी एक, ‘इन मूव्हमेंट’साठी एक. बक्षीस दोन्ही वेळा दुसरीकडे गेलं.

भारतात आला होता का?

२००५च्या जानेवारीत. एचआयव्ही-एड्सबद्दल जागृती करायला अमेरिकी परराष्ट्र खात्यानं जॅझ कलाकारांचा एक चमू पाठवला होता. त्यात गायक अल जरो, गिटारवाला अर्ल क्लू, पियानोवर जॉर्ज ड्यूक आणि हा. त्याच दौऱ्यात दिल्लीला त्याची पंडित रविशंकरांशी पहिली भेट झाली. ज्यांचं नाव वागवत एकोणचाळीस वर्षं काढली त्यांना तेव्हा भेटला.

कुठून ऐकायला सुरुवात करू?

रागसंगीताचा कान असेल तर आधी आई: ‘जर्नी इन सच्चिदानंद’. मग ‘ट्रान्सलिनियर लाइट’, म्हणजे आई-मुलगा एकत्र सापडतील. नंतर ‘ब्लेंडिंग टाइम्स’ शेवटापर्यंत. ‘स्पिरिट फिक्शन’ त्यानंतरच घ्या. त्यात दोन वेगवेगळे संच आहेत, आणि चौकडीच्या दोन जोड्या करून वेगवेगळं वाजवलेलं एकमेकांवर चढवायचं असले उद्योगही आहेत. पहिल्याच दिवशी ते ऐकलंत तर मला फोन करून शिव्या द्याल. बापाचे रेकॉर्ड सगळ्यात शेवटी, निदान एक आठवडा मधे जाऊ दिल्यावर.